मागची सीट

सॅम्युएलने वडिलांची महायुद्धाच्या काळातली मोटरसायकल पुन्हा मूळ रूपात आणली होती. लाल रंग खरवडून लष्करी हिरवा दिला, चकचकीत हँडल बदलून काळं बसवलं. वडिलांनी लग्नानंतर लावलेली मागची सीटही काढली. उद्याच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत पहिला नंबर पक्का होता.

त्याची आई मार्थाबाई काठी टेकत अंगणात आली आणि गाडीभोवती फिरली.

"छान झाली रे. पण रविवारी चर्चला जाताना मी कुठं बसू?"

"आई, कारखान्यातून आली तेव्हा मागं सीट नव्हतीच."

"तेव्हा मी पण नव्हते," म्हणून ती आत गेली.

सॅम्युएलने काढून ठेवलेली सीट बाहेर आणली. मग त्याने पाना उचलला.

परीक्षकांनी सीटचे गुण कापले. दुसरा नंबर आला. परतताना मार्थाबाई मागून म्हणाली, "जरा जोरात घे की. तुझे बाबा असे रखडत नव्हते."