भाकर घेण्याआधी

पनवेलच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट बाकावरून हातोहात सरकते. करंजाड्याच्या वळणावर ज्याच्या कंटेनरखाली माझी बहीण गेली, तो इम्मानुएल शिक्षा भोगून आज प्रथमच आला आणि उरलेल्या एकमेव जागी, आईशेजारी, बसला. “लाज कशी वाटत नाही,” मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजले. माझ्याकडून ताट आईकडे गेले आणि थांबले. मनात अढी असताना ही भाकर घेऊ नये, असे तिनेच आम्हाला शिकवले होते. “मावशी, मला माफ केलंत?” त्याने खाली मानेने विचारले. “नाही रे बाबा. रोज गुडघे टेकते, पण जमत नाही.” स्वतः भाकर न घेता तिने ताट त्याच्याकडे दिले. “तू घे.” त्याने तुकडा उचलला. मी आईच्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिलो. माझा तुकडा मी सवयीने केव्हाच गिळला होता.