आठच्या फोनचे शब्द

करोल बागेत राहून यूपीएससीची तयारी करणाऱ्या संपदानं दारू चढल्याचे चार इंग्रजी शब्द निवडले आणि गावाकडच्या आईकडून ते फोनवर पाठ करून घेतले. वडील, म्हणजे दादा, समोर असताना आईला मराठीत काही सांगता यायचं नाही, आणि दादांचं इंग्रजी सहीपुरतंच होतं. 'टिप्सी' म्हणजे आज गाणी म्हणतील. 'ड्रंक' म्हणजे सगळ्या भावकीचा उद्धार करतील. 'स्लॉश्ड' म्हणजे ताट भिरकावतील. आणि 'वेस्टेड' म्हणजे संपदानं दिल्लीहून शेजारच्या वाघमोडेकाकांना फोन लावून ताबडतोब घरी पाठवायचं.

रोज संध्याकाळी आठला आईचा फोन यायचा. जेवलीस का, टेस्ट सीरिज कशी चाललीय, या चौकशीत ती हळूच एक शब्द सरकवून द्यायची. वर्षभरात काका अकरा वेळा धावून गेले.

परवा आठला फोन आला, तो दादांचा.

"आई कुठंय?"

"भाकरी करतेय." मग दादा म्हणाले, "काकांना सांगायची गरज नाही. आज मी सोबर आहे. कालही होतो."

"बरं," एवढंच ती म्हणाली.

न प्यायलेल्या माणसाचा शब्द तिनं आईला शिकवलाच नव्हता. तो कधी लागेल, असं दोघींनाही वाटलं नव्हतं.