गुप्त प्रश्नाचं उत्तर

सरका मायबाप, जरा जवळ या, एका शिवणकामवाल्या काकूंची गोष्ट सांगतो. त्यांच्या फायनान्स कंपनीतून ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि एक भामटा त्यांना रोज फोन करू लागला. शेवटी काकू कंपनीच्या शाखेत गेल्या.

“त्याला ओटीपी दिलात?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

“छे! एवढी काही खुळी नाही मी.”

“मग रोज फोन उचलता कशाला?”

“तो माझ्या थोरलीचं नाव घेतो गं. ती देवाघरी गेल्यापासून घरात कुणी घेत नाही. तिचे बाबासुद्धा घेत नाहीत.”

काउंटरवरच्या मुलीने संगणकावर काकूंचं खातं उघडलं. गुप्त प्रश्न होता, ‘पहिल्या बाळाचं लाडकं नाव?’

“काकू, खातं लॉक करते. तो तुमचा हक्कच आहे, पैसे पडत नाहीत. पण उत्तर त्याच्या हाती लागलंय, हा प्रश्न बदलावा लागेल.”

“बदल बाई. पण आधी एकदा मोठ्याने विचार.”

मुलीने विचारलं. काकूंचं उत्तर अख्ख्या शाखेने ऐकलं.

आता त्या नावाने कुठलंच खातं उघडत नाही. म्हणून मायबाप, देवाचं नाव घ्याल तेव्हा सोबत तिचंही एकदा घ्या: रुणू.