परवा, अकरा वाजता

कार्ड दोनदा टेकवूनही गेट उघडलं नाही, तेव्हा सुबोधनं ते पँटला पुसून तिसऱ्यांदा टेकवलं. दिवा लालच राहिला. गार्ड अंकल उठून आले. काही न विचारता त्यांनी त्याच्या शर्टावर व्हिजिटरचा स्टिकर चिकटवला आणि लिफ्टचं सहाव्या मजल्याचं बटणही दाबून दिलं. आठवडाभर एमसीवर, आजारपणाच्या रजेवर, राहिलं की कार्डंसुद्धा रुसतात, असं मनाशी म्हणत तो लिफ्टच्या भिंतीला टेकला.

वुडलँड्सच्या घरून आंग मो किओच्या ऑफिसला यायला एमआरटी, म्हणजे मेट्रो, बदलावीसुद्धा लागत नाही. तरी त्याचे पाय भरून आले होते. साधा व्हायरल ताप, पाच दिवसांत उतरलेला, त्याला आता आठ महिने झाले. ताप गेला, थकव्यानं मात्र बिऱ्हाड केलं. ऐन वेळी शब्द दगा देत. दूध गॅसवर विसरलं जाई. जरा बाहेर पडलं की दुसरा दिवस अंथरुणात जाई. सोमवारी तो डॉक्टरकडे जाऊन आला, तर मंगळवार कुठे गेला ते त्याला कळलंच नव्हतं.

म्हणून तर ती वही. तिच्याशिवाय त्याचं पान हलत नसे. बुधवारच्या पानावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'परवा, अकरा वाजता, मिसेस लिम. अर्धा दिवस काम.' पुढे पेन घसरत गेलं होतं. लिहिता लिहिताच डोळा लागला असणार. आज शुक्रवार. अकराला पाच कमी होते.

बायकोला, मेधाला, त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं.

"आता कुठे निघालास?" सकाळी तो बूट घालताना तिनं विचारलं होतं. "पड की जरा."

"पाय मोकळे करून येतो."

"इस्त्रीचा शर्ट घालून?"

तो नुसता हसला. नोकरी गेली की या परक्या देशात राहायचा पास गेला, आणि पास गेला की हा फ्लॅट, लेकीची शाळा, सगळं गुंडाळून पुण्याला. हे तिला सांगायची त्याची छाती होत नव्हती.

एचआरच्या मिसेस लिम त्याला बघून क्षणभर उभ्याच राहिल्या. मग त्यांनी खुर्ची पुढे केली आणि न मागता कोमट पाणी आणून ठेवलं. भली बाई आहे, सुबोधला वाटलं.

"कसे आहात?"

"बरा आहे. म्हणजे, नाही." बोलायचं सगळं त्यानं रात्रीच पाठ केलं होतं. "मिसेस लिम, मी लपवत नाही. मला पूर्ण दिवस झेपत नाही. पण अकरा वर्षं इथे पंप तपासतोय. हॉस्पिटलात सलाइनला लागणारा एकेक पंप माझी सही झाल्यावरच पेटीत जातो. आजवर एक परत आलेला नाही."

मिसेस लिम टेबलाकडे बघत राहिल्या.

"तीन महिने अर्धा दिवस काम द्या. पगार निम्मा करा, माझी तक्रार नाही. फक्त पास राहू द्या." त्याचा आवाज चिरकला. भर ऑफिसात रडू येतंय की काय, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुमचे हात धरून मागतो असं समजा."

मग मिसेस लिम उठल्या, दार लोटून आल्या आणि समोर न बसता त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"सुबोध, तुम्ही सोमवारी डॉक्टरकडून सरळ इथेच आला होतात. अकरा वाजता. हेच सगळं मागितलंत."

"सोमवारी?"

"आणि आम्ही दिलं होतं. अर्धा दिवस, पास, सगळं."

त्यानं वही उघडून 'परवा'वर बोट ठेवलं. बुधवारचा परवा म्हणजे सोमवारही होता.

"मी कागद सहीला पुढे केला, तर तुम्ही चार पंपांचे नंबर सांगितलेत. न तपासताच सही केली होती म्हणालात. ते पेट्यांतून काढायला लावलेत आणि त्याच कागदाच्या मागे राजीनामा लिहिलात. जाताना दारातून परत फिरलात. म्हणालात, मी हे विसरेन. पुन्हा मागायला आलो, तर कितीही रडलो तरी देऊ नका."