दगडाचा मालक

लॅपटॉप उघडेपर्यंत वैभवचा हिशेब पक्का होता. सिनेमा उर्वशीला आवडला की तो महोत्सवाला जाणार. महोत्सवाला गेला की ‘मोरेश्वरभाऊंचा रिकामा पोरगा’ ही पांढुर्ण्याने दिलेली पदवी सुटणार. आणि दिवाळीनंतर सौंसरच्या मंगल कार्यालयात उर्वशी त्याची होणार. एवढी सगळी जमा, आणि खर्च फक्त तीन सेकंद. ते त्याने कालच कापून टाकले होते.

सिनेमा दाखवायला उर्वशीनेच बोलावलं होतं. तिने खिडक्या लावून घेतल्या आणि सावरगावच्या त्या खोलीत भरदुपारी अंधार झाला. पडद्याचा उजेड तिच्या गालावर आला. आधी निळा, मग लाल. हे रंग त्याने इटलीच्या जुन्या भयपटांतून उचलले होते. पिवळ्या पुठ्ठ्याच्या रहस्यकथांवरून त्या सिनेमांना तिकडे ‘जालो’, म्हणजे पिवळा, म्हणतात, हे त्याने साखरपुड्याच्या पंगतीतही समजावून सांगितलं होतं. खुनी दिसत नाही. दिसतात ते त्याचे काळे हातमोजे. कॅमेरा म्हणजे खुन्याचे डोळे. पुढे अमेरिकेने तेच डोळे मुखवट्यामागे बसवले आणि सुरीवाल्या सिनेमांचा धंदा उभा केला. इटलीवाल्यांनी झाड लावलं, फळांचा तोडा अमेरिकेनं केला, असं तो म्हणायचा. संत्र्याच्या मुलखात हे कोणालाही लगेच समजायचं.

त्याच्या सिनेमाची गोष्ट घरचीच होती. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, आणि गोटमारीच्या गर्दीत काळ्या हातमोज्यांचा एक माणूस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून ही दोन गावं एकमेकांवर दगड मारतात. नदीत पळसाचं झाड, झाडावर झेंडा. माणसं जखमी होतात. दगड कोणाचा, हे कोणी विचारत नाही. खुन्याला याहून सोयीची जागा इटलीतही मिळाली नसती.

यंदाच्या गोटमारीत वैभवने कपाळाला छोटा कॅमेरा बांधला. उर्वशीने सिनेमासाठी शिवून दिलेले काळ्या रेक्झिनचे हातमोजे चढवले आणि पांढुर्ण्याच्या काठावरून एक दगड मारला. शॉटसाठी. समोरच्या काठावर एक मुलगा डोळा धरून खाली बसला. तो कोण, हे वैभवला घरी येऊन चित्र मोठं करून पाहिल्यावर कळलं. रोशन होता, उर्वशीचा धाकटा भाऊ.

त्यानंतर वैभव फार चांगला वागला. नागपूरच्या दवाखान्यात बाकावर झोपला. होणाऱ्या सासूला, जयवंताबाईंना, गाडीवर बसवून जामसांवलीच्या हनुमानाला नेलं. त्यांनी लेकाच्या डोळ्यासाठी नवस बोलला तेव्हा यानेही हात जोडले. डोळा मात्र गेला तो गेलाच.

आता शेजारच्या खोलीत तोच रोशन पट्टी बांधून खाटेवर पडला होता.

“भाऊजी, मले बी दाखवा नं,” तो आतून म्हणाला. “अर्ध्या तिकिटात पायतो.”

चहा ठेवायला आलेल्या जयवंताबाई हसल्या आणि हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेल्या. वैभवच्या कपाळाला, जिथे कॅमेऱ्याचा पट्टा होता तिथेच, घाम आला.

पडद्यावर नदी आली. धूळ, आरोळ्या, ढोल. झेंडा शेंड्यावर फडफडत होता. काळा हातमोजा खाली गेला, दगड उचलला, वर आला. पुढच्या क्षणी हात रिकामा होता आणि झेंडा एकदम कलला होता.

उर्वशीने चित्र मागे नेलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा मागे नेलं. ती पडद्याकडे नाही, त्याच्या हातांकडे पाहून राहिली आहे, असं वैभवला वाटलं. त्याने हात मांडीखाली घेतले.

मधात काही कापलं का, तिने विचारलं. चहात साखर किती, असं विचारावं तसं.

कॅमेरा हलला होता, तो म्हणाला. कामाचं काही नव्हतं.

मग तिने त्या इटलीच्या सिनेमांबद्दल विचारलं. त्यांत एक बाई असते नं, पहिल्याच दिवशी सगळं पाहणारी? वैभवचा श्वास मोकळा झाला. हा त्याच्या आवडीचा विषय. असते, तो म्हणाला. फक्त आपण काय पाहिलं ते तिला शेवटपर्यंत समजत नाही.

“मले तवाच समजलं होतं,” उर्वशी म्हणाली. “मी गच्चीवर होती. हातमोजे मीच शिवले, मले नाही ओळखू येणार?”

खोलीत ढोल वाजतच होता. तिने तो बंद केला. आता शेजारच्या खाटेची करकर ऐकू आली.

“मायले सांगतलं नाही, रोशनलेबी नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “गोटमारीत दगडाले मालक नसते. तुमी दाखवला असता तं तो गोटमारचाच राहिला असता. तुमी कापला, म्हणून तुमचा झाला.”

तिने उठून खिडकी उघडली. उजेडात पडदा कोरा झाला.

त्या दगडाचा खर्च रोशनने डोळा देऊन भरला, उर्वशीने होणारा नवरा देऊन. वैभवच्या वाट्याला सिनेमा राहिला, आणि तो पाहायला भिंत चाचपत एक प्रेक्षक दारात येऊन उभा होता.