ढगांवरची द्राक्षं

कौशल्येच्या आजाराचा रिपोर्ट आला, त्याच आठवड्यात तिची लेक रितिका अर्जेंटिनाहून रेड वाईन घेऊन आली. बर्फाच्या डोंगरात, ढगांच्याही वर लावलेल्या द्राक्षांची. नरखेडच्या संत्र्याच्या बागेत वाढलेल्या कौशल्येने बाटली उजेडात धरून पाहिली.

"इतक्या वर पानी कोन देत असन हो? मी बरी झाली का दोघं मिळून पिऊ."

"लोकं काय म्हनतीन वं?" तिचा नवरा, बाबाराव म्हणाले.

"तुमी काहून लाजून राहिले? द्राक्षंच तं हायत!"

ती बरी झाली नाही.

दहाव्याला रामटेकच्या अंबाळा तलावावर कावळा पिंडाला शिवेना. "ताई, रितिकाचं लग्न मी थाटात करून देतो वं," तिचा भाऊ दुर्गेश हात जोडून म्हणाला. कौशल्येच्या बहिणीने देवीची ओटी कबूल केली. कावळा फांदीवरून हलेना. भटजी घड्याळ पाहू लागले.

शेवटी बाबाराव पिंडापाशी वाकले आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलले, "घरी गेलो का उघडतो वं ते बाटली. तुह्यासाठीबी गिलास भरतो."

कावळा खाली उतरला.

"काय कबूल केलं भाऊजी?" दुर्गेशने विचारलं. बाबाराव डोळे पुसत घाटाच्या पायऱ्या चढू लागले.

या गोष्टीला वर्ष झालं.



इच्छा पुरी झाली की कौशल्येचा जीव या घरात अडकून राहायचा नाही, म्हणून बाबारावांनी ती बाटली अजून उघडलेली नाही.