दंडाचे डोनट

थोड्याशा साखरेवर जिवाणू वाढवणाऱ्या पोस्टडॉक संशोधक मारेनच्या चंबूतलं नितळ द्रावण पुन्हा गढूळ झालं. बाहेरचे जिवाणू शिरले, सगळे म्हणाले. प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे ज्याच्या हातून हे घडेल त्याने सगळ्यांना डोनट खिलवायचे. मारेनने आणले, पण चंबू ओतून दिला नाही. “ओतून टाका, मारेनबाई. हात धुता ना?” प्राध्यापक गुन्नारांनी डोनट चावत विचारलं. “आपलेच जिवाणू आहेत, गुन्नार. साखर संपल्यावर दुसरं खायला शिकलेत.” “तुमच्या या पोरांचं भारीच कौतुक बाई तुम्हाला.” मारेनने जिवाणूंचा डीएनए तपासायला पाठवला. आज निकाल आला: प्रयोगाच्या सुरुवातीला गोठवून ठेवलेल्या पूर्वजांच्या साऱ्या खाणाखुणा जागच्या जागी, वर नवं अन्न पचवणारा बदल. गुन्नारांनी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि कोट चढवला. “डोनट आणतो,” ते पुटपुटले. चंबू उजेडात धरून मारेन म्हणाली, “साखरेचे नकोत. आमच्या पोरांनी साखर सोडलीय.”